उस्मानाबाद, धाराशिव आणि आपल्या माहितीच्या नकला

आजची गोष्ट आपल्याच गावापासून सुरू करू. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने उस्मानाबाद शहराचं नाव धाराशिव करायला मंजुरी दिली. सप्टेंबरमध्ये जिल्ह्याचंही नाव बदललं. आता फोनमधली ॲप्स उघडून स्वतःचा पत्ता बघा. कुठे धाराशिव दिसेल, कुठे अजून उस्मानाबाद. आपला एकच पत्ता किती जणांनी लिहून ठेवलाय, हे असं नाव बदललं की कळतं.

ही नकलांची गोष्ट जुनीच आहे. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबारच्या टेंभली गावात देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. मग सिमकार्डला झेरॉक्स, बँकेत झेरॉक्स, लॉजवर झेरॉक्स. पुढे झेरॉक्सची जागा क्लाउडने घेतली. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर, भाड्याने घेतलेला. तुम्ही एक ऑर्डर देता, पण तुमचा नंबर बिलाच्या ॲपमध्ये जातो, मेसेज पाठवणाऱ्याकडे जातो, डिलिव्हरीवाल्याकडे आणि कस्टमर केअरकडेही जातो. दुकान एकच, वह्या चार. त्यातली एक जरी उघडी राहिली, तरी बाकी तिघांच्या कुलपांचा उपयोग नाही.

नकलेने काय होतं ते पुण्याने बघितलंय. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. नकली कार्डं बनवून २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. खरी कार्डं मात्र ग्राहकांच्या खिशातच होती!

मग उपाय काय? खरी वस्तू द्यायचीच नाही, तिची खूण द्यायची. देवळाबाहेर चप्पल ठेवली की बिल्ला मिळतो ना, तसं. तो बिल्ला शेजारच्या स्टँडवर चालत नाही. २०१८ मध्ये आधारसाठी १६ अंकी व्हर्च्युअल आयडी आला, तो खऱ्या नंबरऐवजी देता येतो. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने दुकानदार ॲप्सना कार्ड नंबर साठवायला बंदी केली. त्यांच्याकडे राहतं ते फक्त टोकन, आणि एका दुकानाचं टोकन दुसऱ्याकडे निरुपयोगी.

कायद्याची बाजूही हळूहळू उभी राहिली. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये डेटा संरक्षण कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी लागू होतात. यातलं एक कलम लक्षात ठेवा: ज्याने तुमची माहिती घेतली, जबाबदार तोच. काम दुसऱ्या कंपनीला दिलं होतं, ही सबब चालणार नाही. दंड २५० कोटींपर्यंत.

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो. नवा फॉर्म बनवताना सगळ्यात सोपं काम असतं एक रकाना वाढवणं. आणि जी माहिती घेतलीच नाही, ती कुणी चोरू शकत नाही.

तर मंडळी, पुढच्या वेळी कुणी आधारची झेरॉक्स मागितली, तर आधी मास्क्ड आधार पुढे करा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. बऱ्याच ठिकाणी तेवढ्यावर भागतं.