समुद्र नसलेल्या गावात

मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या अगदी दारात. बंगळूरचं सरकारी मत्स्यालय १९८३ मध्ये कब्बन पार्कात सुरू झालं. इथून समुद्र गाठायचा तर घाट उतरून थेट मंगळूर. त्यामुळे इथे घरी खारं पाणी कालवावं लागतं: लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ. माझ्या २०० लिटरच्या टाकीला सात किलो लागलं, आणि ते स्वयंपाकाचं नव्हे बरं का!

मग वाट पाहणं. अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर रुजायला महिना-दीड महिना जातो. मी पंधराव्या दिवशीच दोन क्लाउनफिश सोडले. तिसऱ्या सकाळी दोन्ही आडवे. आई फोनवर एवढंच म्हणाली, "घाई कसली होती रे?"

प्रवाळांची हौस मनातच राहिली. २००१ मध्ये खडक रचणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेली, वाघाच्या पंगतीला. योग्यच झालं. दुसऱ्या खेपेची क्लाउनफिशची जोडी पैदास केंद्रातली आहे. तिने समुद्र पाहिलेलाच नाही.