टॅक्सीचं दार

वडिलांच्या १९८३ सालच्या प्रीमियर पद्मिनीचं मागचं दार खालून कुजलं होतं. आधीच्या एका गॅरेजने भोकांवर पुट्टी भरून वरून झकास रंग मारून दिला होता. एका पावसाळ्यात रंगाला फोड आले आणि बोट लावताच पत्र्याचा भुगा हातात आला. आई म्हणाली, "आता तरी विकून टाक." मी विकली नाही. कुर्ल्याच्या भंगारातून मोडीत निघालेल्या टॅक्सीचं काळं दार आणलं आणि डोंबिवलीहून कल्याण-शीळ रस्त्यावरच्या एका मिस्त्रींकडे नेलं.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मूळ कारखाना कुर्ल्याचाच. तिथे १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली. तीच पुढे १९७२ला प्रेसिडेंट आणि १९७४ला पद्मिनी झाली. नावं बदलली, तरी घराणं १९५३च्या इटालियन ११००-१०३चंच. या गाडीला वेगळी चासी नाही. जोडलेला पत्रा हाच तिचा कणा. म्हणून तिच्या बाबतीत गंज हा केवळ रूपाचा प्रश्न नाही. तळ आणि दारांखालच्या पोकळ पट्ट्या सडल्या की गाडीच खचते.

मिस्त्रींनी थिनरचा बोळा दारावर घासला. फडकं काळं झालं. मग करडा प्रायमर, पुन्हा काळा, पुन्हा करडा. असे सहा थर मी मोजले. टॅक्सीवाले पासिंगला जाण्याआधी गाडी रंगवून घेत, त्याचाच हा हिशेब. सर्वांत खालचा थर मात्र थिनरला दाद देईना. "हा कंपनीचा," मिस्त्री म्हणाले, "वरचा सगळा ड्यूको."

ड्यूको! अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीचं हे छापनाम आमच्या सुतारांच्या आणि रंगाऱ्यांच्या तोंडी अजून नांदतं आहे. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर तो नायट्रोसेल्युलोजचा रंग प्रथम आला. त्याआधी वॉर्निशचे हात सुकायला आठवडे लागत. फोर्डने १९१४ ते १९२५ मॉडेल टी काळीच ठेवली, त्यामागेही कामाचा वेग आणि खर्च यांचंच गणित होतं. ड्यूको मिनिटांत सुकतो, पण कितीही जुना झाला तरी थिनरमध्ये पुन्हा विरघळतो. कारखान्यांनी नंतर आपलंसं केलेलं सिंथेटिक एनॅमल भट्टीत भाजलं की त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि तो थर विरघळत नाही. गॅरेजवाल्याकडे भट्टी नव्हती, म्हणून ड्यूको टिकला. फडक्यावरचा डाग हाच माझ्या हाती आलेला दस्तऐवज.

आता गंजाकडे वळू. इंग्लंडमध्ये कॉस्लेटने १९०६ साली लोखंडावर फॉस्फेट चढवण्याचं पेटंट घेतलं. त्या बारीक स्फटिकांना रंग घट्ट धरतो आणि ओरखड्यापाशी सुरू झालेला गंज रंगाखाली सहज सरकत नाही. पण फवारा जिथे पोचत नाही त्या कोपऱ्यांचं काय? १९६०च्या दशकात फोर्डच्या जॉर्ज ब्रूअरने अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून वीज सोडली. रंग पोकळ्यांतही जाऊन बसला. सुरुवातीला बॉडी धन ध्रुवाला जोडत, त्यामुळे थोडं लोखंडच विरघळून रंगात मिसळे. सत्तरच्या दशकात ध्रुव उलटे केले, तेव्हा कुठे ही खोड गेली. रंगाच्या या इतिहासात चकाकी आणि वेग आधी आले, आतली बाजू फार उशिरा आली. पद्मिनीचं घराणं त्या हौदाच्या आधीचं.

ही कसर भरून काढली ती आमच्याकडच्या जळक्या इंजिन ऑइलने. पावसाळ्याआधी ते तळाला फवारायचं. रस्त्याची धूळ त्यावर बसून राप चढतो. दिसायला घाण, पण उपयोगी. खाडीचा खारा वारा आणि एमआयडीसीची हवा अंगावर घेत इथल्या पद्मिन्या जगल्या त्या अशा. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या ऑक्टोबरअखेर त्या रस्त्यावरून उतरल्या. मिस्त्रींचं गॅरेज ज्या रस्त्यावर आहे तिथेच प्रीमियरने नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ काढली. १९९७ला प्यूजोने अंग काढून घेतलं.

माझं म्हणणं होतं, कंपनीचा थर राखावा. मिस्त्रींना तो चर्चाविषय वाटला नाही. "साहेब, आधी खालची भोकं बघा." त्यांनी दार उलटं केलं. काचेच्या फटीतून आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून दाराच्या तळाला छिद्रं असतात. ती प्रत्येक रंगकामात थोडी थोडी बुजत गेली होती. वरचे सहा थर शाबूत, आणि आत तळाशी ओल्या मातीचा गाळ आणि तांबडा पापुद्रा. माझं जुनं दारही असंच सडलं असणार.

मिस्त्रींनी सळईने भोकं मोकळी केली, गंज खरवडला, कुजलेली वीतभर पट्टी कापून नवा पत्रा डाकला, जोडावर रेड ऑक्साइड मारला आणि आत पातळ ऑइल सोडलं. बाहेरचा ड्यूको थिनरने उतरवला. खालचा थर फारसा खरवडला नाही, त्यावरच वडिलांच्या गाडीचा पांढरा रंग मारला. दार बसवून झाल्यावर काचेच्या फटीत त्यांनी तांब्याभर पाणी ओतलं. आम्ही दोघे खाली वाकून बघत होतो. पाणी सगळ्या भोकांतून आलं.