प्रिओरात (वाइन)

प्रिओरात ही स्पेनच्या कातालोनिया प्रदेशातील तारागोना प्रांतात, प्रिओरात याच नावाच्या डोंगराळ भागात तयार होणारी गडद रंगाची व भारदस्त चवीची रेड वाइन आहे. ज्या नापीक जमिनीमुळे येथील शेती नेहमीच कष्टाची राहिली, तीच जमीन आज या वाइनच्या दर्जाचे मुख्य कारण मानली जाते.

नाव व प्रारंभ

इ.स. ११९४ मध्ये मोंतसांत डोंगराच्या पायथ्याशी कार्थुशियन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी ‘स्काला देई’ हा मठ स्थापन केला. या लॅटिन नावाचा अर्थ ‘देवाची शिडी’ असा होतो. पाइन वृक्षाला टेकलेल्या शिडीवरून देवदूत स्वर्गात जाताना एका मेंढपाळाला दिसले, अशी आख्यायिका आहे. मठप्रमुखास ‘प्रायर’ म्हणत. त्याच्या अधिकाराखालील मुलूख तो प्रिओरात. येथील द्राक्षशेतीचा विकास या साधूंनी केला. १८३५ साली सरकारने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्यानंतर हा मठ ओस पडला.

ऱ्हास व पुनरुज्जीवन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फायलोक्सेरा या मुळांवरील किडीने द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. उपजीविकेसाठी लोक शहरांकडे गेले आणि उतारांवरील अनेक मळे पडीक झाले. १९५४ मध्ये प्रिओरातला अधिकृत उगमनाम मिळाले. तरीही बरीच वाइन दीर्घकाळ सुटी विकली जात असे.

१९७९ मध्ये रेने बार्बिए यांनी ग्रातालोप्स गावाजवळ जमीन घेतली. पुढे आल्व्हारो पालासिओस, कार्लेस पास्त्राना, जुझेप युइस पेरेस व डाफ्ने ग्लोरियान ही मंडळी त्यांना येऊन मिळाली. त्यांनी १९८९ च्या हंगामाची वाइन एकाच जागेत एकत्रितपणे तयार केली. तिच्या यशामुळे दुर्लक्षित जुन्या वेलींना पुन्हा मोल आले. कातालान सरकारने २००० मध्ये दिलेल्या विशेष दर्जास २००९ मध्ये राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. स्पेनमध्ये हा दर्जा रिओहा व प्रिओरात या दोनच प्रदेशांना आहे.

जमीन व द्राक्षे

येथील मातीस ‘लिकोरेल्या’ म्हणतात. ती पाटीच्या काळसर दगडाच्या ठिसळ कपच्यांची असून तीत अभ्रकाचे चमकणारे कण असतात. वरच्या थरात पाणी टिकत नसल्याने वेलींची मुळे खडकाच्या भेगांतून खोलवर जातात. उत्पन्न अल्प येते, परंतु फळातील रस, रंग व गोडी दाट होते. तीव्र उतारांमुळे यंत्रे चालवणे अवघड असते. काही मळ्यांत नांगरणीसाठी आजही खेचरे वापरतात. गार्नाचा व कारिन्येना या येथील प्रमुख पारंपरिक जाती होत. पहिलीमुळे वाइनला फळांचा स्वाद व ऊब, तर दुसरीमुळे आंबटपणा, रंग व तुरटपणा लाभतो. काबर्ने सोव्हिन्यों व सिरा यांचेही मिश्रण केले जाते.

स्वाद व अन्नाची जोड

या वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण बहुधा १४ ते १५ टक्के किंवा त्याहून अधिक असते. पिकलेली काळी फळे, ज्येष्ठमध व दगडी खनिजाची आठवण करून देणारा स्वाद ही तिची लक्षणे सांगितली जातात.

वाइनमधील टॅनिन हे तुरट द्रव्य अन्नातील प्रथिने व स्निग्धांश यांच्याशी संयोग पावते, त्यामुळे जिभेवरचा तुरटपणा सौम्य होतो. म्हणून भाजलेले कोकराचे मांस, रानडुकराचा मंद आचेवर शिजवलेला रस्सा, बोतिफारा हे कातालान सॉसेज आणि मुरवलेले मांचेगो चीज यांच्याशी ती चांगली जुळते. शाकाहारी पदार्थांत भाजलेली अळंबी व वांगी तिला साजेशी ठरतात. नाजूक चवीचे मासे मात्र तिच्यापुढे फिके पडतात, आणि झणझणीत तिखटाबरोबर मद्यार्काचा दाह अधिक जाणवतो. ही वाइन साधारणतः १६ ते १८ अंश सेल्सिअस तापमानास वाढतात. नवी वाइन रुंद भांड्यात ओतून काही काळ हवेशीर ठेवल्यास तिचा स्वाद खुलतो.