शहरी ओढ्यांचे पुनरुज्जीवन

शहराच्या वाढीत नळात कोंडलेले, काँक्रीटने बांधून काढलेले किंवा सांडपाण्याचे नाले होऊन बसलेले ओढे पुन्हा वाहते आणि जिवंत करण्याचे काम. रहिवासी आणि सरकारी यंत्रणा यांनी मिळून ते कसे करावे, याची ठळक उदाहरणे कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्वेकडील बर्कली, रिचमंड आणि एल सेरिटो या शहरांत सापडतात.

जमिनीवर डांबर, छपरे आणि फरशी आली की पाऊस मुरत नाही. तो गटारांतून थेट ओढ्यात उतरतो. लोंढा वाढतो, तळ खरवडला जातो, काठ ढासळतात. यावर अभियांत्रिकीचा जुना उपाय म्हणजे पात्र सरळ आणि रुंद करून काँक्रीटने मढवणे, किंवा ओढा नळात घालून वर माती लोटणे. वरच्या वस्तीची सुटका झाली, तरी तेच पाणी वेगाने खालच्या वस्तीत जाते. शिवाय पूर नसताना रुंद पात्रात उथळ पाण्याचा जोर कमी पडतो आणि गाळ बसत राहतो. नळातल्या ओढ्याचे तर एक-दोन पिढ्यांत नावही विसरले जाते.

बर्कलीच्या टेकड्यांत उगम पावणारा स्ट्रॉबेरी क्रीक बर्कली विद्यापीठाच्या आवारातून येतो आणि पुढे बराचसा जमिनीखालून जातो. रेल्वेने सोडून दिलेल्या मालधक्क्याच्या जागी उद्यान करायचे ठरले, तेव्हा खालचा नळ फोडून ओढा वर आणावा, ही कल्पना भूदृश्यकार डग्लस वुल्फ यांनी मांडली. १९८४ मध्ये सुमारे २०० फूट ओढा उघडा झाला. ही लांबी फार नाही, पण गाडलेला ओढा जाणूनबुजून उघडण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग मानला जातो. ओढा वाहू लागला की लोक काठावर येऊन बसतात, हे तिथे दिसून आले. पुढच्या कामांना त्याचाच आधार मिळाला.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने ओढ्यांच्या पुनरुज्जीवनासाठी कायदा केला आणि राज्याच्या जलसंपदा विभागामार्फत अनुदान योजना सुरू झाली. या योजनेतील एक अट प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहे. अर्ज स्थानिक नागरी संघटना आणि सार्वजनिक संस्था या दोघांनी मिळून करायचा. एकट्या नगरपालिकेने मागितले तर पैसे नाहीत, एकट्या रहिवाशांनी मागितले तरी नाहीत. भागीदारी हा शब्द भाषणात सर्रास येतो. इथे तो अर्जाच्या नमुन्यात आला आणि म्हणून कामाला आला. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या अर्बन क्रीक्स कौन्सिल या संघटनेच्या एक संस्थापक अ‍ॅन रायली यांनी या योजनेच्या उभारणीत मोठा वाटा उचलला.

या भागीदारीचा कस लागला तो नॉर्थ रिचमंडमध्ये, वाइल्डकॅट क्रीकवर. ही बहुतांशी गरीब कृष्णवर्णीयांची वस्ती वर्षानुवर्षे पुरात बुडत होती. लष्कराच्या अभियंता दलाकडून आणि काउंटीकडून पुढे आलेला आराखडा पूर रोखण्यापुरता, माती-काँक्रीटच्या सरळ चराचा होता. रहिवाशांना पुरापासून संरक्षण तर हवेच होते. झाडे, पायवाट आणि मुलांना उतरता येईल असा काठही हवा होता. गरीब वस्तीने एवढे मागू नये, हा समज त्यांनी नाकारला. पर्यावरण संघटना आणि जलशास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि पर्यायी आराखडा तयार झाला : मध्ये नेहमीच्या पाण्यासाठी अरुंद, नागमोडी पात्र, दोन्ही बाजूंना पुराचे पाणी पसरायला सखल मैदान, पात्रावर सावली धरणारी झाडे. अरुंद पात्रात पाणी जोराने वाहते, त्यामुळे गाळ पुढे सरकतो. लोकांची मागणी आणि जलविज्ञान इथे एकाच ठिकाणी येऊन मिळाले. वाटाघाटींनंतर प्रकल्प साधारण याच दिशेने उभा राहिला.

काठ बांधण्याची रीतही रहिवाशांच्या हाताला जमणारी आहे. पानगळीच्या काळात विलो झाडाच्या ओल्या फांद्या हातभर लांबीच्या तोडतात, बुंध्याकडचे टोक तासतात आणि डोळे वरच्या बाजूला राहतील असे पाहून पाऊण काडी ओल्या काठात ठोकतात. उलटी ठोकलेली काडी बहुधा वाळते, म्हणून नवख्या स्वयंसेवकाला आधी डोळे ओळखायला शिकवतात. काड्यांच्या लांब मोळ्या बांधून उतारावर आडव्या चरांत पुरतात. वसंतात धुमारे फुटतात आणि मुळे माती धरून ठेवतात. आपल्याकडे नदीकाठी उगवणारा वाळुंज याच प्रजातीतला.

मात्र यंत्रणेशिवाय न होणारे कामही मोठे आहे. मैलावाहिनी ओढ्यात गळत असेल, तर काठावर कितीही झाडे लावली तरी पाणी घाणच राहते. बर्कली विद्यापीठाच्या आवारात स्ट्रॉबेरी क्रीकवर १९८७ च्या योजनेनुसार आधी गळत्या आणि चुकीचे जोड शोधून दुरुस्त केले गेले. त्यानंतरच स्टिकलबॅकसारखे स्थानिक लहान मासे ओढ्यात परत सोडण्यात आले.

१९९५ च्या सुमारास बर्कलीच्या थाउजंड ओक्स शाळेच्या आवारात ब्लॅकबेरी क्रीक आणि पुढे एल सेरिटोच्या पॉइन्सेट पार्कमध्ये बॅक्स्टर क्रीक उघडा झाला. हे तुकडे आखूड आहेत; त्यांच्या वर आणि खाली ओढा अजून बराचसा नळातच आहे. रायली यांनी १९९८ च्या पुस्तकात या कामाची तंत्रे मांडली आणि २०१६ च्या पुस्तकात याच परिसरातील जुन्या ओढ्यांवर परत जाऊन कोणते काठ टिकले, कोणते ढासळले आणि झाडे किती वाढली, हे तपासले.