विमानाचं वय कशात मोजायचं?

ऊर्जानगरात वाढलेल्या कुणालाही ‘ओव्हरहॉल’ म्हणजे काय, हे समजावून सांगावं लागत नाही. चंद्रपूरच्या वीज केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला. २१० मेगावॉटचे पहिले दोन संच आता कायमचे बंद झालेत. त्याच सुमारास, १९८४ मध्ये, भारतीय वायुसेनेत सोव्हिएत बनावटीचं एएन-३२ हे मालवाहू विमान दाखल झालं. ते अजून उडतंय. आज या विमानाकडे संशोधकाच्या नजरेनं बघू.

२२ जुलै २०१६ ला चेन्नईजवळच्या तांबरमहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं एएन-३२ बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झालं. आत २९ जण होते. त्याचे अवशेष समुद्रतळाशी, सुमारे ३,४०० मीटर खोल, सापडल्याचं जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालं. घरच्यांनी साडेसात वर्षं वाट पाहिली.

आपण लगेच म्हणतो, ‘जुनं विमान होतं, पडणारच.’ थांबा. हे विमान मोठी दुरुस्ती होऊन सेवेत परतलेलं होतं. म्हणजे ‘जुनं’ हा शब्द इथे काहीच सिद्ध करत नाही. इतिहासात ‘नंतर घडलं’ म्हणजे ‘त्यामुळे घडलं’ असं होत नाही.

मग वय मोजायचं कशात? एक मोजमाप कॅलेंडरचं: उभ्या विमानालाही गंज चढतो, रबर कडक होतं. दुसरं उड्डाणाच्या तासांचं आणि उतरण्याच्या खेपांचं: दर खेपेला धातूवर ताण येतो, बारीक तडे वाढत जातात. ही दोन्ही मोजमापं लॉगबुकात सापडतात.

तिसरं मोजमाप लॉगबुकात नसतं. ते म्हणजे सुटा भाग येतो कुठून? एएन-३२ कीव्हमध्ये बनलं. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि एका देशातले कारखाने वेगवेगळ्या देशांत गेले. २००९ मध्ये भारतानं युक्रेनशी नूतनीकरणाचा करार केला. विमानाचं आयुष्य २५ वरून ४० वर्षांवर न्यायचं होतं. ४० विमानं युक्रेनमध्ये, बाकीची कानपूरच्या वायुसेना डेपोत, असं ठरलं. २०१४ मध्ये रशिया-युक्रेन संघर्ष पेटला आणि सुटे भाग वेळेवर न आल्यानं कानपूरचं काम रखडलं. विमानं तीच होती, तंत्रज्ञही तेच होते. तरी देखभाल अवघड झाली, कारण बदल हजारो किलोमीटर दूर झाला होता.

अशा डेपोंचा कारभार बघणाऱ्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आपल्याजवळच आहे, नागपूरच्या वायुसेनानगरात. यंत्रांच्या इतिहासाचा विषय शोधायला दिल्लीलाच जावं लागतं असं नाही.

तुमच्या संशोधन आराखड्यात ‘जुनाट यंत्रसामग्री’ हे शब्द आले की स्वतःला तीन प्रश्न विचारा. किती वर्षं? किती तास? आणि भाग कुणाच्या हातात? अपघातांचा आकडा दिसला, तर तो किती उड्डाण-तासांमागे आहे, हेही बघा. नुसत्या आकड्यावरून कोणतंही विमान धोकादायक ठरवता येतं.

त्या २९ घरांना ‘जुनं होतं’ एवढं उत्तर पुरेसं नाही. ते तुमच्या प्रबंधालाही पुरू नये.