हजार गाणी आणि एक ख्याल

२३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपल कंपनीने आयपॉड जगापुढे ठेवला, तेव्हा त्याची थोरवी सांगण्यासाठी एकच माप पुरेसे मानले गेले: खिशात मावणारी एक हजार गाणी. ५ गीगाबाइटला हजाराने भागले, की एका गाण्याच्या वाट्याला ५ मेगाबाइट, म्हणजे त्या काळच्या रिवाजाप्रमाणे चार-पाच मिनिटे येतात. 'गाणे' म्हणजे काय, ह्याचे उत्तर ह्या हिशेबात आधीच गृहीत धरलेले आहे. माझ्या आजोळी गाणे म्हणजे पाऊण तासाचा यमन होता. प्रस्तुत लेख त्या गृहीतकाविषयी आहे, आणि थोडा माझ्या एका अपराधाविषयीही.

यंत्राने गाण्याला वेळ नेमून देण्याची गोष्ट तशी जुनीच. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्गने कोलकात्यात गौहरजानचे गाणे मुद्रित केले, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मिळत. त्या तीन मिनिटांत ख्याल बसवावा लागे. मिरजेला स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ध्वनिमुद्रिकांतून आपण जे ऐकतो, ते त्यांचे मैफलीतले गाणे नव्हे, त्या गाण्याचा अर्क होय. (अर्क असा, की त्यावर पिढ्यांचे कान घडले. पण तो वेगळा विषय.) १९४८ साली अमेरिकेत लाँग प्ले आली आणि एका बाजूची वीसेक मिनिटे झाली. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढे सी-९० च्या कॅसेटमध्ये बाजूला ४५ मिनिटे मिळू लागली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ध्वनिमुद्रण सामान्य रसिकाच्या हाती आले. शनिवारी रात्री आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम लागला, की सांगलीला मामा टेपरेकॉर्डरशेजारी ठाण मांडून बसत. कॅसेट उलटताना एखादी तान हातची जाई, त्याबद्दल ते स्वतःलाच दोष देत.

वेळेची ही अट खऱ्या अर्थाने सुटली ती हार्ड डिस्कवर चालणाऱ्या यंत्रांनी. १९९८ साली एमपी३ वाजवणारी जी पहिली खिशातली यंत्रे निघाली, त्यांची स्मृती ३२ मेगाबाइटची होती, म्हणजे अर्धा तास संगीत. चिपमधली स्मृती फार महाग होती, म्हणून कॉम्पॅकच्या संशोधन केंद्रातील मंडळींनी लॅपटॉपची हार्ड डिस्कच हातात धरता येईल अशा पेटीत घातली. १९९९ च्या अखेरीस कोरियातील हँगो ह्या कंपनीने ते यंत्र 'पर्सनल ज्यूकबॉक्स' ह्या नावाने विकायला काढले. क्षमता ४.८ गीगाबाइट, म्हणजे सुमारे ८० तास. पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या क्रिएटिव्हचा ६ गीगाबाइटचा नोमॅड ज्यूकबॉक्स आला. दिसायला तो थेट सीडी प्लेअर, आणि तेव्हाच्या यूएसबीमुळे तो पूर्ण भरायला कागदावरच्या वेगानेसुद्धा तासाहून अधिक लागे. आयपॉडचे निराळेपण बव्हंशी तोशिबाने केलेल्या १.८ इंची डिस्कमध्ये होते. एवढ्या इवल्या डिस्कचे करायचे काय, हे खुद्द तोशिबाला नीटसे ठाऊक नव्हते, असे सांगतात.

तर जागा मिळाली, वेळ मिळाला. मग ख्यालाचे काय झाले?

ह्या यंत्रांची घडण पाहिली, की उत्तर सापडू लागते. हार्ड डिस्क फिरवायला वीज बरीच लागते आणि फिरत असताना धक्का बसला, तर ती दुखावते. म्हणून आयपॉडमध्ये ३२ मेगाबाइटची एक तात्पुरती स्मृती ठेवलेली होती. डिस्क क्षणभर जागी होई, पुढची पाच-सहा गाणी त्या स्मृतीत उतरवी आणि पुन्हा झोपी जाई. चालत्या-धावत्या माणसाच्या खिशात फिरती तबकडी टिकून राहिली ती ह्या झोपेमुळे. योजना खरोखर देखणी आहे. पण तिचे माप पुन्हा चार मिनिटांचेच. पंचेचाळीस मिनिटांचा बडा ख्याल साधारण दर्जाच्या एमपी३ मध्येसुद्धा ४३ मेगाबाइटच्या घरात जातो. तो स्मृतीत मावत नाही, डिस्कला मध्येच उठावे लागते, बॅटरी लवकर उतरते. फाइल ९ मेगाबाइटहून लहान असलेली बरी, अशी सूचना ॲपलनेही केलेली होती. म्हणजे सुमारे नऊ मिनिटांचा तुकडा. गाणाऱ्याने तोवर कुठे अस्थाई भरून स्वरविस्ताराला सुरुवात केलेली असते.

दुसरी अडचण नावांची. एमपी३ फाइलला चिकटवण्याची चिठ्ठी, आयडी३, १९९६ साली ठरली तेव्हा शीर्षकाला ३० अक्षरे, कलावंताला ३०, संग्रहाला ३० अशी तिची विभागणी होती. राग, ताल, बंदिशीचा मुखडा, साथीदार, गाव आणि साल हे सगळे तीस रोमन अक्षरांत कसे कोंबावे? पुढच्या आवृत्तीत ही मर्यादा गेली. पण कलावंत, संग्रह, गाणे ही तीन खणांची मांडणी तशीच राहिली. कोणी रागाचे नाव गाण्याच्या खणात लिही, कोणी संग्रहाच्या. एकाच गवयाचे तीन गवई होत. मला अशा वेळी गौहरजान आठवते. तबकडीच्या शेवटी ती आपले नाव इंग्रजीत मोठ्याने उच्चारत असे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तेथल्या तंत्रज्ञांना गाणारी कोण हे कळायला हवे. चिठ्ठीची पूर्वज तीच. गाणाऱ्याने स्वतः लिहिलेली, एवढाच फरक.

मालकांनी हे सारे मुकाट्याने सोसले असे मात्र नाही. आयपॉडची बॅटरी बदलता येत नाही, ह्या तक्रारीवर नाइस्टाट बंधूंनी २००३ साली एक छोटी फिल्म केली, ती गाजली. पुढे ग्राहकांचा दावा २००५ मध्ये तडजोडीने मिटला. मला त्याहून मोलाची वाटते ती रॉकबॉक्सची कथा. आर्कोस ह्या फ्रेंच कंपनीच्या यंत्रातील आज्ञावलीवर नाराज झालेल्या काही स्वीडिश मालकांनी २००१ च्या अखेरीस ती नव्याने लिहायला घेतली. त्यांनी दोन फाइलींमधली फट मिटवली, चिठ्ठी बाजूला ठेवून आपण लावलेल्या कप्प्यांच्या क्रमाने संगीत शोधण्याची सोय राखली, आणि पुढे तर यंत्र आपली यादी बोलून दाखवू लागले, ज्याचा उपयोग अंध श्रोत्यांना झाला. ॲपलने फट मिटवली ती २००६ साली. पाश्चात्त्य संगीतातही सलग वाजणाऱ्या रचना आहेत, म्हणून हा प्रश्न सुटला. केवळ ख्यालासाठी तो कोणी सोडवला असता की नाही, मला शंका आहे.

आता अपराधाविषयी.

मामांकडे सी-९० च्या पन्नास कॅसेट होत्या. काही रेडिओवरून घेतलेल्या, काही मिरजेच्या दर्ग्यातील उरुसाच्या मैफलींच्या, काही खाजगी बैठकींच्या. २००६ साली न्यू जर्सीहून आलेल्या मावसभावाने मला ६० गीगाबाइटचे एक यंत्र आणून दिले (कोणत्या कंपनीचे, हे सांगण्यात मतलब नाही, डिस्क कोणाचीही असो, मर्त्यच). मी उन्हाळ्याच्या सुटीत सगळ्या कॅसेट संगणकात घेतल्या. काही दाबायचे नाही, कापायचे नाही, हा मामांचा आग्रह. दाब न देता ठेवलेले संगीत तासाला सहाशे मेगाबाइटहून अधिक जागा घेते. पंचाहत्तर तासांचे झाले जवळपास ४८ गीगाबाइट. माझ्या संगणकाची डिस्क होती ४० गीगाबाइटची. मनगटाएवढे यंत्र टेबलावरच्या संगणकाहून मोठे होते, ह्याची तेव्हा गंमत वाटे. भरून झालेला भाग संगणकावरून पुसायचा आणि पुढच्या कॅसेटला जागा करायची, असे मी करत गेले.

ऐकताना यंत्र कानाशी धरले, तर साधारण दर तीन मिनिटांनी आतून बारीक घरघर येई. ३२ मेगाबाइटच्या स्मृतीत दाब न दिलेले संगीत तेवढेच मावते: तीन मिनिटे, गौहरजानच्या तबकडीइतके. हा हिशेब मला फार उशिरा सुचला.

२००८ मध्ये मामांनी वाडा सोडला आणि ते फ्लॅटमध्ये गेले. कॅसेटींना बुरशी धरलेली होतीच. "आता ह्यांची गरज नाही, मामा" हे वाक्य माझे. त्या भंगारवाल्याकडे गेल्या. पुढच्या पावसाळ्यात घरघरीच्या जागी टिकटिक सुरू झाली. हार्ड डिस्कचा वाचणारा दांडा आपली जागा शोधतो, ती सापडत नाही, परत येतो, पुन्हा शोधतो. त्या येरझाऱ्यांचा तो आवाज. पुण्यात एका तंत्रज्ञाने डिस्क उघडून पाहिली आणि आतल्या तबकडीवर ओरखडा असल्याचे दाखवले. चकचकीत आरशावर केसाएवढी एक वर्तुळाकार रेघ.

वाचले ते एवढेच: भारतात असताना मावसभावाने अकरा कॅसेटी आपल्या यंत्रासाठी उतरवून घेतलेल्या होत्या. त्याला त्या रोज आगगाडीत ऐकायच्या होत्या, बॅटरी पुरवायची होती. म्हणून त्याने प्रत्येक ख्यालाचे नऊ-नऊ मिनिटांचे एमपी३ तुकडे पाडले होते. त्याचा दोष नाही. उलट त्याने कापले म्हणूनच ते रोज ऐकले गेले आणि जपले गेले. माझे अखंड ठेवलेले अखंडच गेले. आम्ही ते तुकडे जोडून पाहिले. पण एमपी३ करताना प्रत्येक फाइलच्या दोन्ही टोकांना शांततेचा एक कण चिकटतो, आणि त्याने कुठे नीट कापले होते, कुठे नाही. एका मारव्यात सम अगदी समोर दिसत असतानाच तुकडा संपतो.

जोडलेली ती प्रत मी पेनड्राइव्हवर घालून मामांना नेऊन दिली. त्यांनी मारवा पुरा ऐकला. प्रत्येक सांध्याशी त्यांचा मांडीवरचा हात ठेका धरून चालतच राहिला. संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "अगं, हे परत कॅसेटवर भरून देतेस का? टेप चालू आहे अजून."