हरिश्चंद्राची कसोटी आणि दुष्काळातली मजुरी

श्रोते हो, हरिश्चंद्राचे आख्यान तुमच्यापैकी कुणी ऐकले नाही असे होणार नाही. राजाचा गुन्हा काय? काहीच नाही. तरी राज्य गेले, तारामती विकली गेली, रोहिदासाला साप डसला, आणि मसणवटीत बापच पोराच्या मढ्याचा कर मागू लागला. आमच्या गावच्या देवळात कथा इथवर आली की बायाबापड्या पदराने डोळे पुसत. पण उठून घरी कुणी जात नसे. पुढे विश्वामित्र येणार, ही परीक्षा होती म्हणणार, पोर उठून बसणार, हे सर्वांना ठाऊक.

आता खरी हकीकत ऐका. १८७६ साली दख्खनवर पाऊस रुसला. पुणे, नगर, सोलापूर, सातारा या बाजूची पिके करपली. त्यात कुणब्याचा दोष तो कोणता? सरकारने दुष्काळी कामे काढली; माणसे खडी फोडू लागली, माती वाहू लागली. इथवर दैवाचा खेळ म्हणू.

पण १८७७ च्या आरंभी पाहणीसाठी सर रिचर्ड टेंपल आले. याच गृहस्थांनी १८७४ साली बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसे जगवली होती. वरून उधळेपणाचा ठपका मात्र घेतला होता. तो ठपका त्यांच्या मनात घर करून बसला असावा, असे मला वाटते. या खेपेस त्यांनी काटकसर आरंभली. मजुरी उतरवली ती एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे, इतकी. पौंड म्हणजे आपला अर्धा किलोही नव्हे, बरे का! दिवसभर खडी फोडणाऱ्या गड्याला एवढ्याने काय होणार? आपल्या मुंबई इलाख्यात हजारो मजूर काम टाकून निघून गेले. तर त्यांना खरी गरजच नव्हती, असा अर्थ सरकारी बाजूने काढला गेला. उपाशी माणसावर हा आणखी एक आळ.

म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, पाऊस कुणी चोरला नव्हता, पण मजुरी कुणीतरी कापली होती. पुण्याच्या सार्वजनिक सभेने हेच ओळखले. गणेश वासुदेव जोशी, न्यायमूर्ती रानडे या मंडळींनी नशिबाला बोल न लावता गावोगावची माहिती जमवली आणि सरकारकडे पत्रांवर पत्रे धाडली. जोतीराव फुल्यांनी तर धनकवडीला दुष्काळी पोरांसाठी आश्रमच काढला. त्या पोरांना सापाने नव्हे, भुकेने डसले होते.

पुढे १८८० साली दुष्काळ आयोगाचा अहवाल झाला, आणि त्यातून दुष्काळाचे कायदेकानू आले. गेलेली माणसे मात्र उठून बसली नाहीत.

दौंडहून मनमाडला आगगाडीने कधी गेलात, तर नगरच्या आसपास खिडकीतून रुळांखालचा भराव पाहा. हा मार्ग त्याच दुष्काळात, दुष्काळी काम म्हणून बांधला गेला. त्यातली माती कुणाच्या पाटीतून आली, त्यांची नावे कुठल्या आख्यानात नाहीत.